शेजाऱ्याची बातमी आणि आपले मत

आपल्यापैकी नेपाळला गेलेले थोडेच. गेले तेही बहुधा पशुपतिनाथाच्या दर्शनापुरते. तरीही 'नेपाळ कृतघ्न निघाला, चीनच्या कह्यात गेला' असे आपल्या बैठकीत छातीठोकपणे बोलले जाते. हे मत आले कुठून? रात्रीच्या बातम्यांतून.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसे दगावली. भारताने काही तासांतच 'ऑपरेशन मैत्री' सुरू करून जवान, विमाने, औषधे पाठवली. ती मदत मोलाची होती. पण पाठोपाठ आपल्या वाहिन्याही पोचल्या. त्या दुःखाचा तमाशा करतात आणि भारताचाच डांगोरा पिटतात, अशी तक्रार नेपाळी लोक करू लागले. आठवडाभरात 'भारतीय माध्यमांनो, परत जा' ही घोषणा ट्विटरवर गाजली. आपल्याला मदत दिसली, त्यांना तिचा गाजावाजा दिसला.

त्याच वर्षी २० सप्टेंबरला नेपाळात नवी राज्यघटना लागू झाली. तराईतल्या मधेसी समाजाला ती अन्यायाची वाटली. आंदोलन चिघळले, सीमेवर मालमोटारी अडकल्या. २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत तिकडे पेट्रोल, गॅस, औषधांची टंचाई होती. दिल्ली म्हणे, अडवणूक आंदोलकांची. काठमांडू म्हणे, ही भारताची अघोषित नाकेबंदी. तो वाद कसाही सुटो, त्या टंचाईची बातमी आपल्या घरांत तोंडी लावण्यापुरतीच आली. म्हणून मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी वाहतुकीचा करार केला, तेव्हा आपल्याला तो एकाएकी दिलेला दगा वाटला. मधले पाच महिने ज्याने पाहिलेच नाहीत, त्याला दुसरे काय वाटणार?

सीमाभागातल्या आपणांस हा प्रकार नवा नाही. १ नोव्हेंबर हा मराठी वृत्तपत्रात काळा दिन असतो, तर कन्नड वृत्तपत्रात राज्योत्सव. दोन्ही भाषा येत असल्याने आपण दोन्ही बाजू वाचतो आणि काय खरे ते ताडतो. दूरच्या एखाद्या वाहिनीने मात्र आपल्या प्रश्नाचा दोन मिनिटांत निकाल लावला की आपला संताप होतो. मग नेपाळी माणसाचा निकाल आपण तितक्याच सहज का लावावा?

भारत-नेपाळ सीमा खुली आहे, सुमारे पावणेदोन हजार किलोमीटरची. नेपाळी गोरखे पिढ्यान् पिढ्या आपल्या सैन्यात लढले. त्यांचे भाऊबंद आपल्या शहरांत राबतात. वाहिनीवरचा राग शेवटी निघतो तो काठमांडूच्या मंत्र्यावर नव्हे, आपल्या गल्लीतल्या गुरख्यावर.

परराष्ट्र धोरणावर कडक बोलू नये, असे आमचे म्हणणे नाही. देशहित आधीच. पण बोलण्याआधी एवढे तरी पाहावे: बातमीदार तिथे होता की स्टुडिओत? समोरच्या देशाचे म्हणणे दिले आहे का? राग सरकारवर आहे की जनतेवर? 'काठमांडू पोस्ट'सारखे दैनिक मोबाईलवरही वाचता येते. आपल्या मंडळाच्या वाचनालयात महिन्यातून एकदा एखाद्या शेजारी देशाची बातमी दोन्हीकडच्या पत्रांतून वाचावी, अशी आमची सूचना आहे. आपली बाजू कोणी ऐकत नाही, हे शल्य आपण किती वर्षे बाळगून आहोत. निदान आपण तरी दुसऱ्याचे ऐकून घेऊ या.