विश्लेषण : ओटीपी न सांगताही खाते रिकामे कसे होते?

‘पीएम किसान’चा अडकलेला हप्ता, ‘लाडकी बहीण’ची ई-केवायसी, वाहनाचे चलन, लग्नाची पत्रिका… व्हॉट्सॲपवर येणाऱ्या अशा नावांच्या फायलींमधून मोबाइलमध्ये शिरणारी बनावट ॲप बँक खात्यापर्यंत पोहोचत आहेत. ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हा सल्ला आता एकटा पुरेसा का नाही, जतसारख्या सीमावर्ती तालुक्यात हे आमिष सहज का चालते आणि पैसे गेलेच तर पहिल्या तासात काय करावे, याविषयी…

फसवणुकीची सुरुवात कोठून होते?

बहुतेक वेळा एका फायलीपासून. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवण्याच्या फायलीला एपीके म्हणतात. म्हणजे ती पत्रिका नसते, पावती नसते, यादीही नसते. ते संपूर्ण ॲप असते. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ स्वरूपात येते. खऱ्या चलनाची माहिती सरकारी संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून पाहता येते, त्यासाठी पाठवलेली फाइल उघडावी लागत नाही.

ही फाइल अनेकदा ओळखीच्या क्रमांकावरून आलेली असते. ज्याच्या फोनमध्ये आधी असे ॲप शिरले, त्याच्याच व्हॉट्सॲपवरून ती पुढे नातेवाइकांना आणि गावातील ग्रुपवर पाठवली जाते. ज्याच्या नावाने ती आली, त्याला बऱ्याचदा याचा पत्ताही नसतो. त्यामुळे ‘अनोळखी क्रमांकापासून सावध राहा’ ही सूचना येथे अपुरी ठरते.

ओटीपी न सांगता पैसे कसे जातात?

समजा, एखाद्या शेतकऱ्याने ‘पीएम किसान’ नावाची अशी फाइल उघडली. फोन विचारतो, या स्रोतावरून ॲप बसवू द्यायचे का? ‘होय’ दाबले की हुबेहूब सरकारी दिसणारे पान उघडते. त्यावर बोधचिन्ह असते, आधार क्रमांकाचा रकाना असतो. पुढे बँकेचे नाव, एटीएम कार्डाचा क्रमांक, कधी पिनही विचारला जातो. मधल्या वेळेत ॲप आणखी एक परवानगी मागते : एसएमएस वाचण्याची. लाभ मिळवण्यासाठी आवश्यक आहे, असे समजून तीही दिली जाते.

इथेच खेळ संपतो. कार्डाची माहिती चोरट्याकडे आधीच गेलेली असते. तो व्यवहार सुरू करतो, बँक ओटीपी पाठवते आणि तो एसएमएस ॲप स्वतःच वाचून चोरट्याकडे पाठवते. फोनचा मालक कोणाशी एक शब्दही बोललेला नसतो.

काही ॲप याहून पुढे जातात. ‘ॲक्सेसिबिलिटी’ ही सोय मुळात दृष्टिहीन आणि अपंग व्यक्तींसाठी आहे. तिच्या आधारे ॲपला स्क्रीनवरील मजकूर वाचता येतो आणि बटणेही दाबता येतात. ही परवानगी चुकीच्या ॲपला मिळाली, तर फोन मालकाच्या हातात राहूनही चालवणारा दुसराच असतो. अनेक बनावट ॲप बसल्यानंतर आपले चिन्ह लपवतात. ‘उघडले, पण काहीच झाले नाही’ असे वाटून माणूस फोन खिशात ठेवतो आणि ॲप मागे काम करत राहते.

याची व्याप्ती किती?

केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, सायबर आर्थिक फसवणुकीत २०२४ मध्ये देशभरातील नागरिकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ७,४६५ कोटी होता. म्हणजे एका वर्षात तिपटीहून अधिक वाढ. यात गुंतवणुकीच्या, ‘डिजिटल अटके’च्या आणि इतर फसवणुकीही आहेत, सगळे नुकसान बनावट ॲपमुळे झालेले नाही.

बनावट ॲपच्या टोळ्या कशा चालतात, हे सायबर सुरक्षा कंपन्यांच्या तपासातून दिसते. झिम्पेरियम या कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय बँक ग्राहकांना लक्ष्य करणाऱ्या एका मोहिमेचा तपशील जाहीर केला. त्यात सुमारे ९०० बनावट ॲप आणि चोरलेले ओटीपी वळवण्यासाठी वापरलेले सुमारे एक हजार मोबाइल क्रमांक सापडले. सुमारे ५० हजार जणांची माहिती कोणालाही उघडता येईल अशा ठिकाणी साठवलेली होती. चोरट्यांनी चोरलेला मालही नीट झाकून ठेवला नव्हता. त्याआधी जुलै २०२४ मध्ये क्लाउडसेक या कंपनीने बनावट वाहन चलनाच्या ॲपचा शोध घेतला होता. त्याने ४,४०० हून अधिक फोन बाधित केले होते आणि त्याचा फटका बसलेल्यांत गुजरातपाठोपाठ शेजारच्या कर्नाटकातील लोक अधिक होते.

जतसारख्या तालुक्यात हे आमिष का चालते?

जत हा सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, कर्नाटकातील विजयपूर आणि बेळगाव जिल्ह्यांना लागून असलेला दुष्काळी तालुका. द्राक्षे, डाळिंब आणि जनावरे यांवर संसार. अशा भागात सरकारी योजनेचा हप्ता ही किरकोळ बाब नसते. ‘पीएम किसान’चे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात, ‘लाडकी बहीण’चे महिन्याला १,५०० रुपये. हप्ता अडकला की ‘केवायसी राहिली असेल’ ही शंका घरोघरी येते. नेमकी तीच शंका चोरटा वापरतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ‘लाडकी बहीण’साठी ई-केवायसी सक्तीची झाल्यावर बनावट संकेतस्थळेही निघाली आणि राज्य सरकारला त्याबाबत इशारा द्यावा लागला.

दुसरी अडचण सल्ल्यातच आहे. ‘ओटीपी कोणालाही देऊ नका’ असे बँक सांगते. पण खऱ्या ई-केवायसीत सरकारी संकेतस्थळावर आधारचा ओटीपी टाकावाच लागतो. म्हणजे एक यंत्रणा ‘देऊ नका’ म्हणते आणि दुसरी ‘टाका’ म्हणते. ओटीपी कोठे टाकायचा आणि कोठे नाही, हा फरक ओळखण्याचे काम मात्र लाभार्थ्यावर सोडले जाते.

तिसरी अडचण भाषेची आहे. तालुक्याच्या सीमाभागातील अनेक गावांत घरात कन्नड बोलली जाते, व्यवहार मराठीत होतो आणि फोनवरील धोक्याची सूचना येते इंग्रजीत. न समजणारी सूचना आली की माणूस ‘ओके’ दाबतो.

आणि पणाला लागते ते हप्त्याएवढेच नसते. आमिष दोन हजारांचे असते, पण त्याच खात्यात द्राक्षाची पट्टी किंवा पीक कर्जाची रक्कम जमा झालेली असू शकते. वर्षाची कमाई एका रात्रीत जाऊ शकते.

फोनमध्ये सुरक्षा नसते का?

असते. पण ती मालकाच्या हातून बंद करून घेतली जाते. गुगलच्या प्ले स्टोअरमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ ही तपासणी असते. बाहेरून आणलेले आणि एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटीसारख्या नाजूक परवानग्या मागणारे ॲप बसण्याआधीच अडवण्याचा प्रयोग गुगलने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतासाठी जाहीर केला. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आणलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी देण्यावर फोन स्वतःच बंधन घालतो. म्हणूनच चोरटे आता फोन करून ‘सेटिंगमध्ये जा, हे बंद करा, ते सुरू करा’ असे सांगतात. कोणीही प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगत असेल, तर तो फसवणारा आहे, हे तेवढ्यावरूनच समजावे.

प्ले स्टोअरवरचे प्रत्येक ॲप निर्धोक असते, असेही नाही. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गुगलने प्ले स्टोअरवरून २,२०० हून अधिक फसव्या कर्ज ॲप हटवल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. बाहेरच्या फायलीपेक्षा तेथील धोका कमी असतो, एवढेच.

आधीच काय करून ठेवावे?

सेटिंगमध्ये ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल’ असा भाग असतो. त्यात व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर यांची परवानगी बंद ठेवावी. ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’ या यादीत अनोळखी नाव दिसले तर ते बंद करावे. कोणत्या ॲपला एसएमएसची परवानगी आहे, हेही पाहावे. योजनेच्या किंवा पत्रिकेच्या ॲपला तुमचे सगळे एसएमएस वाचण्याचे काहीच कारण नाही.

फोनची भाषा मराठी किंवा कन्नड करता येते. मग धोक्याच्या सूचनाही त्या भाषेत येतात. घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये हा बदल दोन मिनिटांत होतो.

पट्टी किंवा कर्जाची मोठी रक्कम येणारे खाते आणि रोजच्या यूपीआयचे खाते वेगळे ठेवावे. मोठ्या खात्याच्या एटीएम कार्डाचा ऑनलाइन वापर बँकेकडून बंद करून घेता येतो. त्याने धोका संपत नाही, पण नुकसानीला मर्यादा पडते. योजनेचे काम करायचे असेल तर पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असलेले संकेतस्थळ किंवा गावातील सेवा केंद्र गाठावे. बँकांच्या संकेतस्थळांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘बँक डॉट इन’ हा शेवट ठरवून दिला आहे.

फाइल उघडली गेलीच तर?

पहिले काम : फोनचे इंटरनेट आणि सिम दोन्ही तोडणे. त्यासाठी ‘एअरप्लेन मोड’ सुरू करावा आणि वाय-फायही बंद असल्याची खात्री करावी. नेटवर्क नसेल तर ओटीपी फोनवर येणार नाही आणि पुढे जाणारही नाही.

दुसरे काम : घरातील दुसऱ्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर आणि बँकेला कळवणे, कार्ड आणि यूपीआय बंद करून घेणे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवावा. आलेली फाइल, ती पाठवणारा क्रमांक आणि बँकेचे संदेश यांचे दुसऱ्या फोनवरून फोटो काढावेत. पुरावा घेतल्यावरच ॲप काढावे. ते निघत नसेल, तर फोन पूर्ण ‘रीसेट’ करावा. व्हॉट्सॲपमधील ‘लिंक्ड डिव्हाइस’ तपासून अनोळखी जोडणी तोडावी आणि ग्रुपवर ‘माझ्या नावाने आलेली फाइल उघडू नका’ असे सांगावे. लाजेपोटी हा निरोप टाळला जातो आणि तीच फाइल पुढच्या घरात पोहोचते.

तक्रारीसाठी सांगलीलाच जावे लागते, असेही नाही. कायद्यानुसार गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. त्यामुळे जत किंवा उमदी ठाण्यातही ती देता येईल.

गेलेले पैसे परत मिळतात का?

ते बहुतांशी वेळेवर अवलंबून असते. १९३० वर तक्रार होताच ती संबंधित बँकेकडे जाते. पैसे ज्या खात्यात वळले तेथे रक्कम गोठवली जाते, पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला कळवले जाते. चोरटे भाड्याने घेतलेल्या खात्यांतून रक्कम झपाट्याने फिरवतात आणि शेवटी एटीएममधून काढतात. एकदा रोकड हातात गेली की गोठवण्यासारखे काही उरत नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेमुळे २०२५ च्या मध्यापर्यंत सुमारे ५,४८९ कोटी रुपये वाचल्याचे सरकारने सांगितले. एकट्या २०२४ च्या नुकसानीपुढे ही रक्कम चौथ्या हिश्श्याएवढीही नाही.

बँकेची जबाबदारी किती, हे रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितले होते. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाले. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार येत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार मात्र बँकेवर आहे. कार्डाचा पिन स्वतः टाकला असेल, तर बँक निष्काळजीपणाचा मुद्दा पुढे करू शकते. तेव्हाही कळवण्याची नोंदलेली वेळ महत्त्वाची ठरते. म्हणून बँकेला कळवताना तक्रार क्रमांक किंवा पोच घेणे आवश्यक आहे.

जबाबदारी फक्त फोनधारकाचीच?

नाही. योजनांच्या केवायसीच्या मुदती जाहीर करताना अधिकृत पत्ता गावच्या फलकावर, मराठीत आणि सीमाभागात कन्नडमध्येही लावणे हे प्रशासनाचे काम आहे. भाड्याने दिली जाणारी खाती वेळीच ओळखणे हे बँकांचे काम आहे. ते होईपर्यंत शेवटचा दरवाजा फोनधारकाच्याच हातात राहतो.

द्राक्षपट्ट्यातील शेतकऱ्याला हा प्रकार नवा नाही. माल भरून नेऊन पैसे न देता पसार होणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी सांगली जिल्ह्यात अनेक हंगामांत झाल्या आहेत. त्यातून शहाणा झालेला बागायतदार आता बागेत कात्री लागण्याआधी नाव, गाव आणि आगाऊ रक्कम विचारतो. दारात आलेल्या ॲपलाही हेच विचारावे : कोठून आले, कोणाचे आहे आणि माझे एसएमएस कशाला हवेत? उत्तर पटले नाही, तर ‘इन्स्टॉल’ दाबू नये.