गाव वसले, गाव उठले

'वसाहत' हा शब्द मराठीत एकाच वेळी दोन अर्थ वागवतो. माणसे राहावयास आली ती वसाहत. परक्यांनी बळकावलेला मुलूख तीही वसाहतच. अमेरिकी पश्चिमेचे साहित्य शिकवताना आपण बहुधा पहिलाच अर्थ धरून चालतो. मोकळ्या जमिनीचा आणि पुढे सरकणाऱ्या सीमारेषेचा जो सिद्धान्त फ्रेडरिक जॅक्सन टर्नरने १८९३ साली शिकागोत मांडला, तो आपल्या टिपणवह्यांत अजून ठाण मांडून आहे. आमच्या मते, हा इतिहास माणसे येण्याचा जेवढा, तेवढाच ती उठवली जाण्याचा आहे.

पूर्व कॅलिफोर्नियातील ओवेन्स खोरे पाहा. येथील पायूट लोक ओढ्यांना पाट काढून खाण्याजोगी रानझाडे भिजवीत असत. म्हणजे ही जमीन 'मोकळी' कधीच नव्हती. १८६०च्या दशकात गोरे पशुपालक आले, संघर्ष पेटला आणि १८६३ साली लष्कराने शेकडो पायूटांना फोर्ट तेहोनकडे चालवत नेले. पुढे अनेक जण परतले, ते दुसऱ्यांच्या शेतांवर मजूर म्हणून.

उठवणाऱ्यांवरही मग तीच पाळी आली. लॉस एंजेलिस शहराने खोऱ्यातील जमिनी व पाण्याचे हक्क विकत घेतले आणि १९१३ साली जलवाहिनी सुरू केली. १९२४ साली चिडलेल्या शेतकऱ्यांनी तिची दारे ताब्यात घेतली, पण पाणी काही परतले नाही. ओवेन्स सरोवर आटले. सफरचंदांच्या बागांचे मॅन्झनार गाव उठले. १९४२ साली त्याच जागी सरकारने दहा हजारांहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना कुंपणाआड ठेवले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. मागे उरलेल्या फळझाडांची निगा या बंदिवानांनी राखली.

आता साहित्याकडे वळू. मेरी ऑस्टिनचे 'द लँड ऑफ लिटल रेन' (१९०३) आपण निसर्गलेखन म्हणून शिकवतो, तर 'फेअरवेल टू मॅन्झनार' (१९७३) अल्पसंख्याकांचे आत्मकथन म्हणून. दोन्ही पुस्तके एकाच खोऱ्यातली; पण दोन वेगळ्या अभ्यासपत्रिकांत पडल्यामुळे विद्यार्थ्याला त्यांचा शेजार कळतच नाही.

इतिहास शिकवणे हे साहित्याच्या शिक्षकाचे काम नव्हे, असा आक्षेप येईल. तो आम्हांस मान्य नाही, आणि त्याचे कारण साहित्यातलेच आहे. ऑस्टिनच्या पुस्तकातील कोरडेपणा निसर्गाचा आहे. आटलेल्या सरोवराच्या तळावरून पुढे उठू लागलेली धूळ मात्र माणसाच्या निर्णयाची आहे. या दोहोंतला फरक ज्याला कळत नाही, तो 'ओसाड' हे विशेषण सर्वत्र सारखेच वाचील. हा वाचनाचाच दोष होय.

म्हणून आमची सूचना साधी आहे: ही दोन्ही पुस्तके एकाच सत्रात, एकामागून एक वाचावीत. प्रादेशिक साहित्याचा 'प्रदेश' केवळ नकाशावर नसतो. तेथून कोणाला उठावे लागले, यावरही तो ठरतो. हा प्रश्न एकदा वर्गात विचारला गेला, की दुसऱ्या कोणत्याही प्रदेशाचे साहित्य वाचताना विद्यार्थी तो आपणहून विचारू लागतील. आम्हांस एवढेच अपेक्षित आहे.