होल्डिंग कंपनी ‘छोटी’ नसते

सूत्रधारी कंपनी आणि उपकंपनी यांतील अंतर भोपाळकरांना नव्याने सांगावयास नको. युनियन कार्बाइड इंडियाचे ५०.९ टक्के भाग अमेरिकन कंपनीकडे होते. तरीही दायित्वाचा प्रश्न निघताच ‘ती कंपनी निराळी’ असा पवित्रा घेतला गेला. ते भाग १९९४ मध्ये विकले गेले व त्या पैशातून भोपाळ मेमोरियल रुग्णालय उभे राहिले.

आपली गोष्ट फारच लहान. रुग्णालयाची एक खासगी कंपनी, निदान केंद्राची दुसरी, आणि दोहोंचे भाग धारण करणारी कुटुंबाची तिसरी. भांडवल थोडे, म्हणून ही ‘छोटी कंपनी’, असा बहुतेकांचा समज. तो चूक आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार होल्डिंग कंपनी व उपकंपनी त्या व्याख्येत बसतच नाहीत. रोकड-प्रवाहाचे पत्रक द्यावे लागते. होल्डिंग कंपनीस एकत्रित ताळेबंदही. वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत हिशेब व ६० दिवसांत वार्षिक विवरण दाखल न केल्यास प्रत्येकी रोज १०० रुपये जादा शुल्क. सलग तीन वर्षे चुकल्यास संचालकास ५ वर्षे अपात्रता.

मला मात्र दंडापेक्षा एकत्रित ताळेबंदच महत्त्वाचा वाटतो. निदान केंद्राने यंत्रासाठी काढलेले कर्ज रुग्णालयाच्या कागदांत दिसत नाही. आणि नावापुरत्या संचालिका असलेल्या वहिनींना ते कळतही नाही. रुग्णाचा अहवाल न वाचता आपण सही करीत नाही. सनदी लेखापालांनी पेन्सिलीने खूण केलेल्या जागी मात्र बिनदिक्कत करतो. यंदा निदान, उपकंपन्यांचे कर्ज कोणत्या पानावर आहे, एवढे तरी विचारावे. आणि ते पान वहिनींनाही दाखवावे.