एक प्रश्न आणि एक क्रमांक

निद्रानाश, अग्निमांद्य, अंगमर्द अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णाची नाडी आपण पाहतो, ब्राह्मी-अश्वगंधा लिहून देतो. परंतु ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ हे विचारावयास धजत नाही. विचारल्याने तो विचार बळावतो, हा समज निराधार आहे. उलट, कोणी विचारले म्हणजे माणूस बोलता होतो.

चरकसंहितेतील त्रिविध औषधांत सत्त्वावजय आहे. आपण त्याचा उच्चार परिसंवादांत करतो, तोही बहुधा उद्घाटनाच्या भाषणात! होकारार्थी उत्तर मिळूनही चूर्णाची पुडी देऊन रुग्णास एकट्याने घरी धाडणे, हा प्रज्ञापराध आपलाच. जवळच्या नातलगास बोलावून घ्यावे व त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क व अहोरात्र चालतो; मराठीतही बोलता येते. औषधालयचालकांनी तो गल्ल्यापाशी लावावा. झोपेसाठी काहीतरी द्या म्हणून वारंवार येणारा माणूस प्रथम त्यांनाच दिसतो.

पोलीस-चौकशीच्या भयाने कुटुंबे प्रयत्न झाल्याचेही लपवितात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते व तिच्या उपचाराची जबाबदारी शासनावर येते. हे आपण त्यांना सांगावयास हवे.

आपल्या तालुक्यास मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? पुढील शाखा-बैठकीस प्रत्येकाने ते विचारून, लिहून आणावे.