मॉप मी मोजायचे, सही दुसऱ्याने करायची

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात कुणाचं सीझर, अपेंडिक्स, हर्निया नाहीतर पिशवीचं ऑपरेशन झालंय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच.

मी ए.एन.एम. आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २५ खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात १४ वर्षं नोकरी करते. सुरुवातीचे दोन महिने वॉर्डात होते. एका रात्री ओटीची सिस्टर आली नाही, सर म्हणाले, "हात धुऊन या." तेव्हापासून मी ओटीतच आहे.

गेल्या महिन्यात सरांनी स्टाफची मीटिंग घेतली. हॉस्पिटलला एनएबीएचचं मानांकन घ्यायचंय. त्याच्या तपासणीत स्टाफचे कागद बघतात. कोण काय शिकलंय, नोंदणी कुठली, सगळं. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही तो ओटी टेक्निशियनचा कोर्स करून टाका. तुमचंच भलं आहे. जरा स्किल वाढवा."

चहा-बिस्किटं झाली, सगळे उठले. मी तिथंच बसून राहिले. स्किल वाढवा! ज्या हातात स्किल नाही त्या हातातून १४ वर्षं तुम्ही चाकू कसा घेतलात, सर?

आमचं काम बाहेर कुणाला माहीत नसतं म्हणून सांगते. पेशंटला भूल दिलेली, नातेवाईक दाराबाहेर, त्यामुळे आम्हाला बघतं कोण? केस ठरली की ऑटोक्लेव्हमधून ड्रम आणि सेट निघालेत का ते बघायचं, टेपवरच्या रेघा काळ्या झाल्यात का ते बघायचं, ट्रॉली लावायची. सीझरला डॉयनचा रिट्रॅक्टर लागतो, गर्भाशयाच्या कडा धरायला ग्रीन आर्मिटेज. सरांनी हात पुढे केला की मागायच्या आत वस्तू हातात पडली पाहिजे. कुठल्या थराला कुठला धागा, सुई गोल की कापणारी, हे सर सांगत नाहीत, मी देते. आणि पोट बंद करायच्या आधी मोजायचं. मॉप, गॉज, सुया, अवजारं. आत गेलं तेवढं बाहेर आलं पाहिजे.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पहाटेचे साडेतीन, तिसरं सीझर, आधीची दोन चिकटलेली. रक्त खूप गेलं होतं. बाळ रडलं, बाळाच्या डॉक्टरांनी नेलं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सर म्हणाले, "व्हिक्रिल द्या, बंद करू." मी मॉप मोजले. दहा काढले होते, हातात नऊ. परत मोजले, नऊ. मावशींना बादली उलटी करायला लावली, नऊ. सर थकलेले, चिडले. "असेल कुठंतरी खाली. द्या धागा."

मी दिला नाही.

फार मोठं काही केलं अशातला भाग नाही, पण माझे पाय लटपटत होते. पगार देणारा माणूस समोर हात पसरून उभा आहे आणि तुम्ही सुई धरून ठेवलीय. भूलतज्ज्ञ डॉक्टर म्हणाले, "बघा एकदा, प्रेशर ठीक आहे." सरांनी पुन्हा हात घातला. डाव्या बाजूला आतड्याच्या मागं, रक्तात भिजून रक्ताच्याच रंगाचा झालेला दहावा मॉप निघाला. सर काही बोलले नाहीत. मीही नाही. धागा दिला.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या ऑपरेशनच्या नोंदीत सर्जनचं नाव आहे, भूलतज्ज्ञांचं आहे. माझ्या जागी लिहिलंय "सिस्टर". एवढंच.

मॉप राहिला तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली, तीन दिवसांनी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं आणि पोटात टॉवेल राहिला. पोटात पू झाला आणि महिना संपायच्या आत बाई गेली. नवरा कोर्टात गेला. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला १९९६ साली. ३३ वर्षांनी! कोर्टानं म्हटलं, पोटात टॉवेल राहणं हाच निष्काळजीपणाचा पुरावा आहे, आणि सरकारला जबाबदार धरलं. वकील लोकांना ही केस पाठ असते. ओटीतल्या किती सिस्टरना कुणी सांगितलीय? मला एका पेशंटच्या वकील भावानं सांगितली, तेही गप्पांच्या ओघात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी काढली, १९ मुद्द्यांची. आमच्या ओटीच्या भिंतीवरही ती लॅमिनेशन करून लावलीय. पेशंट टेबलावरून हलवायच्या आधी नर्सनं तोंडी, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं की अवजारं, मॉप, सुया यांची मोजणी पूर्ण झाली. नर्सनं! म्हणजे जगानं हे काम नर्सच्या गळ्यात घातलंय. आमच्याकडे ते काम करणारी बाई कोण, तिला ते कुणी शिकवलं, तिला पगार किती, हे विचारायला कुणी येत नाही. येतात ते मानांकनाच्या आधी, कागद मागायला.

बरं, कोर्स करायचा म्हटलं. चौकशी केली. मिस्टरांनी एक रजा टाकली, मी एक टाकली.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पॅरामेडिकलची पदवी आहे, त्यात ओटी टेक्निशियनची शाखा आहे. तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप. त्याला बारावी सायन्स लागते. मी आर्ट्सची. आमच्या बॅचच्या निम्म्याहून जास्त मुली आर्ट्सच्या होत्या, कारण ए.एन.एम.ला आर्ट्स चालायचं आणि गावात सायन्स नव्हतं.

दुसरं दार नर्सिंगकडचं. नर्सिंग परिषदेचा ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. छान आहे, अगदी आमच्याच कामाचा. पण तो जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या नोंदणीकृत नर्ससाठी. ए.एन.एम.ला नाही. मग आधी जी.एन.एम. करा. ते आम्हाला करता येतं, पण तीन वर्षं, पूर्णवेळ. तीन आणि एक चार. चार वर्षं बिनपगारी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मुलगी अकरावीत असताना. कशासाठी? जे काम मी उद्या सकाळी साडेआठला करणारच आहे ते करायची परवानगी मिळवण्यासाठी.

२०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा केंद्राचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय नावानिशी आहे. त्या कायद्यात संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी पदविका किंवा पदवी किमान २,००० तासांची हवी असं आहे, दोन ते चार वर्षांत पसरलेली. नर्सेसचा आयोगाचा कायदा वेगळा, २०२३ चा. माझं नाव नर्सिंगच्या रजिस्टरला आणि माझं काम दुसऱ्या कायद्याच्या परिशिष्टात! मी दोन्हीकडची आणि कुठलीच नाही.

दोन हजार तास वाचल्यावर मी कॅलेंडरच्या मागं हिशेब केला. टेबलाशी उभं राहणं रोज सरासरी दोनच तास धरलं, वर्षाला २८० दिवस. झाले ५६० तास. १४ वर्षांचे ७,८४०. खोटं कशाला, जास्तच असतील, पण कमीच धरते.

इथं काही डॉक्टर मंडळी म्हणतील की तास भरले म्हणजे शिक्षण झालं असं नाही. मान्य! शंभर टक्के मान्य. भुलीचं मशीन उघडून त्यातला दोष शोधायला मला येत नाही. कॉटरीची प्लेट कुठं लावायची ते येतं, चुकीची लावली तर पेशंट का भाजतो ते मी यूट्यूबवर बघून शिकले. निर्जंतुकीकरणाच्या मागचं सूक्ष्मजीवशास्त्र मला कुणी शिकवलं नाही, ए.एन.एम. हा मुळात उपकेंद्रासाठीचा कोर्स, बाळंतपण आणि लसीकरणाचा. म्हणून तर मला शिकायचंय. पण मला जे येत नाही ते शिकवा ना. जे येतं त्याची पहिलीपासून फी का भरू?

आणि "धोकादायक आहे हो, ए.एन.एम.नं मोठ्या ऑपरेशनला उभं राहणं" असं म्हणणाऱ्यांनाही माझा पाठिंबा आहे. धोकादायक आहेच. फक्त हे १४ वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं, त्या रात्री, "हात धुऊन या" म्हणायच्या आधी. स्वस्तात पडत होतं तोवर धोका नव्हता. तपासणी आली आणि धोका झाला.

या दोन बंद दारांच्या मधल्या बोळात दुकानं निघालीत. मोबाईलच्या दुकानावरची खोली, बाहेर बॅनर, "एका वर्षात ओटी टेक्निशियन, शंभर टक्के नोकरी." फी साठ हजार. मी गेले होते. एक टेबल, एक बाहुली, भिंतीवर सांगाड्याचं चित्र. ओटी कुठंय विचारलं तर म्हणाले, "तुम्ही ज्या हॉस्पिटलात आहात तिथंच प्रॅक्टिकल करा, हजेरी आम्ही लावतो." म्हणजे माझंच काम मला साठ हजारांना विकणार! शेवटी एकच प्रश्न विचारला, हा कोर्स झाल्यावर माझं नाव कुठल्या परिषदेच्या रजिस्टरला लागेल, ते लेटरहेडवर लिहून द्या. बाई म्हणाल्या, सर बाहेरगावी गेलेत. बायांनो, पैसे भरायच्या आधी हा प्रश्न विचाराच. तोंडी उत्तर घेऊ नका.

आमच्या हॉस्पिटलनं मार्ग काढला तो वेगळाच. तेवीस वर्षांचा एक पोरगा घेतला, कागदवाला. ओटीच्या रजिस्टरमध्ये मोजणीच्या रकान्यात आता त्याची सही. त्याला पगार बावीस हजार, मला साडेचौदा. पोरगा वाईट नाही हां. कर्ज काढून शिकलाय, ताई ताई करत मागं फिरतो, भुलीचं मशीन मला त्यानंच समजावलं. पहिल्या सीझरला त्याचे हात थरथरत होते, मी मागून सांगत होते काय उचल, काय ठेव. मोजले मी, सही त्यानं केली. उद्या काही राहिलं तर पोलीस त्याच्या दारात येतील, आणि त्यानं तर मोजलंच नव्हतं. त्याचीही फसवणूकच आहे ही.

मला काय हवंय ते सांगते, म्हणजे नुसतं रडगाणं वाटायला नको. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येणारं काम तपासून प्रमाणपत्र द्यायची सोय आहे. गवंड्याला ते मिळतं. भिंत बांधून दाखव, तुला येतं हे आम्ही मानतो. गवंड्याला मिळायलाच हवं. पण ज्यांनी हजारो पोटं उघडलेली-बंद झालेली बघितली त्या बायकांसाठी परिषदांना असा पूल का बांधता येऊ नये? आमची परीक्षा घ्या, कडक घ्या, मेडिकल कॉलेजच्या ओटीत उभं करून घ्या. नापास झालो तर ओटीतून बाहेर काढा, तक्रार करणार नाही. पास झालो तर केलेल्या कामाचे तास धरा आणि उरलेलं शिकवा, नोकरी सांभाळून जमेल असं. आणि फी आम्ही नाही, हॉस्पिटलनं भरायची. कागद मला नकोय, तुम्हाला हवाय. इतकी वर्षं दर महिन्याला माझ्या पगारात जो फरक वाचवलात त्यातून असे दहा कोर्स होतील.

"अनुभवाचा दाखला देतो की," असं सर म्हणतात. मागच्या वेळी दिलेल्या दाखल्यात लिहिलं होतं, "वॉर्ड व इतर कामे समाधानकारक." इतर कामे!

म्हणून गेल्या महिन्यापासून मी वही घातलीय. दोनशे पानी, रेघांची. तारीख, आयपी नंबर (पेशंटचं नाव नाही, ते लिहायचं नसतं), ऑपरेशन कुठलं, मी कशाला उभी होते, किती वाजता सुरू, किती वाजता संपलं, मोजणी बरोबर की नाही. शेवटचा रकाना सर्जनच्या सहीचा. आजूबाजूच्या तीन हॉस्पिटलांतल्या सहा जणींनीही सुरू केलीय. तुम्ही ओटीत असाल तर तुम्हीही करा, वहीला चाळीस रुपये लागतात.

आतापर्यंत ३१ केसेस झाल्यात. वही सोमवारपासून सरांच्या टेबलावर आहे. सहीचा रकाना अजून कोरा आहे.