जामीन झालेल्यांची सुटका करा, खुली कारागृहे वाढवा

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

आमच्या संघटनेत तुरुंगातल्या माणसांचे नातेवाईक आहेत, त्यांचे खटले चालवणारे वकील आहेत आणि शिक्षा भोगून आलेलेही आहेत. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० माणसे होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांवरचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. म्हणून लांबलेल्या कैदेचा विचार इथूनच सुरू झाला पाहिजे.

जामीन मंजूर होऊनही माणूस आत राहतो, कारण जामीनदार मिळत नाही. परजिल्ह्यातून मजुरीला आलेल्याने स्थानिक माणसाचा सातबारा आणि ऐपतीचा दाखला आणायचा कुठून? मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ जामीनदार चालला नाही. १९७८ मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. इतक्या वर्षांनंतरही गरिबाची तीच अडवणूक चालू राहावी, याचा आम्हाला संताप येतो. सरकारी वकिलांनी स्थानिक जामिनाचा आग्रह धरू नये, असे लेखी आदेश काढा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निर्देश प्रत्येक कारागृहात पाळला जातो की नाही, ते दरमहा जाहीर करा.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, की त्याच्या सुटकेसाठी न्यायालयाकडे अर्ज करणे हे अधीक्षकांचे काम आहे. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत. पात्र बंद्यांची यादी दर महिन्याला तुरुंगात लावा, म्हणजे घरच्यांना विचारता येईल.

दोषी ठरलेल्यांसाठी मार्ग आपल्याच मातीत आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी खुनाच्या कैद्यांनाही भिंतीबाहेर जमीन कसायला दिली, बायकामुलांसह राहू दिले. याच प्रयोगावरून ‘दो आँखें बारह हाथ’ निघाला. चित्रपटाचे कौतुक सगळ्यांनी केले. वसाहत मात्र लहानच राहिली. येरवडा, पैठण, मोर्शी इथेही खुली कारागृहे आहेत. आमची मागणी आहे की प्रत्येक महसूल विभागात खुली वसाहत असावी, तिथे कुटुंबासह राहता यावे, आणि निवडीचा निर्णय कारणांसह लेखी मिळावा. कैद्याच्या मजुरीतला ठरावीक वाटा पीडित कुटुंबाकडे जावा. त्यांचे नुकसान आम्ही विसरलेलो नाही.

किरकोळ गुन्ह्यांसाठी १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे, तो कमी वापरला जातो. न्यायालयाला अहवाल देणारा परिवीक्षा अधिकारी प्रत्येक तालुक्यात नेमा. नव्या न्याय संहितेतली सामुदायिक सेवेची शिक्षा मोजक्याच गुन्ह्यांना लागू आहे. ती वाढवण्याची शिफारस केंद्राकडे करावी.

जामीन आणि कलम ४७९ संबंधीच्या मागण्यांना नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरेसा आहे. तो या अधिवेशनापूर्वी काढावा आणि उरलेल्या मागण्यांवर चर्चेसाठी आमच्या शिष्टमंडळाला वेळ द्यावा.