मेलेले पक्षी मोजून भागत नाही

पवनचक्क्या ढग पळवतात, पाऊस अडवतात, असा समज या शतकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात सातारा-सांगलीकडे आणि पुढे धुळ्याकडेही पसरला होता. मोर्चे निघाले, निवेदने गेली. हवामानाच्या जाणकारांनी आरोप फेटाळला आणि ते योग्यच होते. खांबांवरच्या पात्यांनी मोसमी पाऊस हटवला जात नाही. वाईट एवढेच झाले की आरोप खोटा ठरला तशी चर्चाही मिटली. डोंगरमाथ्यावर शेकड्यांनी खांब उभे राहिले, रस्ते फोडले गेले, रात्रंदिवस घरघर सुरू झाली. अशा जागी काहीच बदलत नसेल का, हा साधा प्रश्न त्यानंतर सरकारदरबारी कुणी विचारला नाही. अलीकडे पवनचक्की बातम्यांत आली तीही बीडकडे पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीपायी. निसर्गाशी तिचा काही संबंध असतो, हे आपण जवळजवळ विसरलोच आहोत.

ज्यांनी तो प्रश्न विचारला ते सरडे पाहायला गेलेले लोक होते. साताऱ्याहून सज्जनगड-ठोसेघरच्या वाटेने वर चढले की चाळकेवाडीचा सडा, म्हणजे कातळाचे पठार, लागतो. कोयनेच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला, वनकुसवड्यापर्यंत पवनचक्क्यांच्या रांगा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून त्या इथे आहेत. याच सड्यावर एक सरडा राहतो. नराच्या गळ्याखाली निळा, काळा, नारंगी असा झगझगीत पंखा असतो आणि विणीच्या दिवसांत दगडावर चढून तो पंखा फडकवणे हा त्याचा मुख्य उद्योग. सरडा सुपर्बा हे त्याचे शास्त्रीय नाव. स्वतंत्र जात म्हणून तो २०१६ साली शास्त्राच्या दप्तरी लागला, म्हणजे पवनचक्क्या आधी आल्या आणि त्याचे नाव मागून. उभारणीच्या वेळी कुणी यादी केली असती तरी तो त्या नावाने तीत नसता.

मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले या संशोधकांनी सड्यावरच्या पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागांची तुलना केली. २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये ती प्रसिद्ध झाली. जिथे पवनचक्क्या नाहीत तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. तिसा, कापशी यांसारखे हे पक्षी सरड्यांवर झडप घालणारे. ते चक्क्यांच्या भागातून हटले, म्हणून तिथे सरडे वाढले. इथपर्यंत कुणीही अंदाज बांधला असता. पुढचे मात्र बसल्या जागी सुचणारे नाही. चक्क्यांखालचे सरडे अंगाने रोडावलेले होते, कारण खाणारी तोंडे वाढून अन्नासाठी स्पर्धा वाढली. त्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक कमी होते. माणूस अगदी जवळ जाईपर्यंत ते पळत नव्हते. नरांच्या गळ्याचे रंगही फिके होते. वरून झडप येत नाही म्हटल्यावर भीती गेली. संशोधकांच्या मते पवनचक्की इथे सर्वांत वरच्या शिकाऱ्याचे काम करते. फरक इतकाच की ती कुणाला खात नाही.

मला या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की त्यातला निष्कर्ष एकाही मेलेल्या पक्ष्यावर उभा नाही. पवनचक्की आणि पक्षी म्हटले की आपल्याला पात्याने कापलेली घार दिसते. कंपन्यांच्या सल्लागारांना तेच बरे पडते, कारण कलेवरे मोजायची तर ती सापडावी लागतात. कोल्हे आणि कुत्री रात्रीतून माग ठेवत नाहीत. गवत कमरेएवढे असते. शोधणाऱ्या माणसाची नजरही सारखी नसते. म्हणून जाणता अभ्यासक आधी स्वतः काही कलेवरे ठेवून पाहतो, किती दिवसांत नाहीशी होतात ते बघतो, शोधणाऱ्याला त्यातली किती दिसतात तेही तपासतो आणि मग सापडलेल्या आकड्याला त्या हिशेबाने वाढवतो. सड्यावर पावसाळ्याचे चार महिने धुके आणि चिखल. तिथे ‘एकही मृत पक्षी आढळला नाही’ या वाक्याला काय किंमत द्यायची?

आणि समजा सगळी कलेवरे सापडली, तरी पक्षी पात्यांना आपटून मरण्याऐवजी जागाच सोडून गेला तर तो कुठल्या रकान्यात धरायचा? चाळकेवाडीचे शिकारी पक्षी असेच गेले असणार.

मांजरे आणि काचेच्या इमारती पवनचक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त पक्षी मारतात, असे उत्तर नेहमी मिळते. आकडा खरा आहे, युक्तिवाद लंगडा आहे. मांजर चिमणी मारते, गरुड नाही. मोठे शिकारी पक्षी वर्षाला एक-दोन अंडी घालतात, वयात यायला काही वर्षे घेतात. त्यांच्यातला एकेक प्रौढ पक्षी गेला की भरून यायला फार काळ लागतो. चिमणी आणि गरुड एकाच बेरजेत घालणे म्हणजे निव्वळ हिशेब चुकवणे.

आता कायद्याकडे पाहू. पर्यावरणीय आघात मूल्यमापनाच्या २००६च्या अधिसूचनेत पवन प्रकल्पांचा समावेश नाही. जनसुनावणी नाही, अहवाल नाही. २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांचे रंग ठरवले तेव्हा पवनऊर्जा पांढऱ्या यादीत गेली, म्हणजे जवळपास निर्दोष. धूर नाही, सांडपाणी नाही, मग उपद्रव कसला, असे हे गणित आहे. वनजमीन लागली तरच वनखात्याची परवानगी लागते आणि तिथेही काय होते ते पश्चिम घाटाविषयीच्या गाडगीळ समितीच्या २०११च्या अहवालात आहे. भीमाशंकरच्या बाजूच्या पवन प्रकल्पात स्थानिक वनाधिकाऱ्याने शेकरूचे आणि चांगल्या जंगलाचे म्हणणे मांडले होते, वरिष्ठांनी ते बाजूला सारले. सड्यांची गत त्याहून वाईट. झाडे नाहीत म्हणून ते जंगल नाही, पीक नाही म्हणून ते शेत नाही, मग कागदोपत्री ते पडीक. पावसाळ्यात याच कातळावर पाणी साचते, सीतेची आसवे फुलतात, बेडूक अंडी घालतात. कासच्या सड्याचे नाव २०१२ मध्ये जागतिक वारशात गेले म्हणून तो वाचला. त्याच जातकुळीच्या शेजारच्या सड्यांना ते भाग्य नाही.

तर मग मूल्यमापन सक्तीचे करा की झाले, असे कुणी म्हणेल. इतके सोपे नाही. स्पेनच्या दक्षिण टोकाला तारिफाजवळ, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरून पक्ष्यांचे प्रचंड स्थलांतर होते आणि तिथेच पवनचक्क्यांची दाटीही आहे. तिथे प्रकल्पापूर्वी रीतसर मूल्यमापन झाले होते. २०१२ साली संशोधकांनी आधीचे भाकीत आणि प्रत्यक्षातले मृत्यू शेजारी ठेवून पाहिले, तर दोहोंचा मेळ जेमतेम बसत होता. धोक्याचा अंदाज अख्ख्या प्रकल्पासाठी बांधला होता. गिधाडे मात्र विशिष्ट उतारावरच्या, विशिष्ट झोताच्या तोंडच्या ठरावीक चक्क्यांवर मरत होती. म्हणजे पाहणी करायची ती एकेका खांबाच्या जागेची.

तारिफाने उपायही दाखवला. गिधाड येताना दिसले की निरीक्षकाने तेवढी चक्की थांबवायची. गिधाडांचे मृत्यू निम्म्यावर आले आणि वीज घटली फक्त ०.०७ टक्के. इतक्या स्वस्तात इतके साधत असेल, तर विकास की निसर्ग या वादात शिरायची गरजच उरत नाही. वटवाघळांबाबतही तसेच. मंद वाऱ्यात ती जास्त उडतात आणि तेव्हा वीजही नाममात्र बनते. म्हणून पाती फिरू लागण्याची वाऱ्याची किमान गती थोडी वाढवली, तर त्यांचे मृत्यू निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक घटतात, असे उत्तर अमेरिकेतले अनुभव सांगतात. आपल्याकडे वटवाघळे मोजायलाच कुणी फारसे बसलेले नाही.

चक्कीपासून निघणाऱ्या तारा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. थरच्या वाळवंटात सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरमध्ये वीजतारांना धडकून वर्षाला ८४ हजारांच्या आसपास पक्षी मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. माळढोकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो या तारांमुळेच. खांबाचे मूल्यमापन करायचे आणि तारांचे सोडून द्यायचे, हे पुन्हा अर्धेच काम.

हे सगळे आज लिहायचे कारण आहे. महाराष्ट्रात पाच हजार मेगावॉटहून अधिक पवनऊर्जा आहे आणि तिच्यातल्या जुन्या, कमी क्षमतेच्या चक्क्यांचे आयुष्य संपत आले आहे. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या चक्क्या बदलण्याचे नवे धोरण आणले. त्यानुसार छोट्या खांबांच्या जागी थोडे पण अवाढव्य खांब येतील. खांब कमी झाले तर पक्ष्यांना मोकळी वाट मिळेल, असे म्हणता येते. पण लांबलचक पाती वर न्यायला वळणे रुंद करावी लागतील, क्रेनसाठी कातळ सपाट करावा लागेल, म्हणजे सडा दुसऱ्यांदा खोदला जाईल. पात्यांचा घेरही पूर्वी रिकाम्या असलेल्या उंचीपर्यंत जाईल. पक्ष्यांना याचा फायदा की तोटा, हे आधी आणि नंतर मोजल्याशिवाय कळणार नाही.

चाळकेवाडीत ‘आधी’चा काही हिशेब हाताशी आहे. देशात फार थोड्या जागी असा आहे. साताऱ्यातली पहिली जुनी चक्की उतरवण्यापूर्वी दोन हंगाम पक्षी, सरडे आणि वटवाघळे मोजावीत, शेजारच्या चक्क्या नसलेल्या सड्यावरही मोजावीत. नवे खांब उभे राहिल्यावर निदान पाच वर्षे तेच त्याच पद्धतीने चालू ठेवावे. ज्या खांबावर मृत्यू जास्त, तो ठरावीक तासांना थांबवण्याची अट करारातच असावी. मोजणारा कंपनीच्या पगारावर नसावा. पैसे कंपनीने भरावेत आणि माणूस विद्यापीठाने निवडावा. आकडे खांबाच्या क्रमांकासह राज्याच्या महाऊर्जा या संस्थेच्या संकेतस्थळावर दरमहा यावेत. यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबायचे कारण नाही, परवानगीच्या पत्रात चार अटी वाढवणे एवढेच काम आहे.